साखरेसारखी वाळू

— वरच जायचंय ना तुम्हाला, मग इथे काय बघताय? बघा, बघा, माझी ना नाही. चपला राहू द्या पायात, लादी तशीही खाऱ्या वाऱ्यानं चिकटच असते, सकाळी पुसावी तर दुपारी पुन्हा तीच गत. पण मिस्त्री, ओल दिसली ना? ही भिंत, अशी कमरेपर्यंत, आणि या कोपऱ्यात तर पार खांद्याला लागलीय. झालं तर मग! तक्रारीत मी हेच लिहिलंय. वरच्या बाईंचं न्हाणीघर गळतं, ते फोडायचं, खाली नवा थर घालायचा, सेक्रेटरींनी सही केलीय, तुम्हाला बोलावलंय. आता त्यात छताकडे काय बघायचं? छत कोरडं आहे, माहीत आहे मला. बावीस वर्षं याच खोलीत झोपतेय. पाणी काय सरळच उतरतं का? पाणी वाट काढतं. आमचे हे म्हणायचे, पाण्याला आणि पाहुण्याला वाट दाखवावी लागत नाही.

बसा हवं तर. ती खुर्ची नको, तिचे स्क्रू गेलेत — लोखंडी होते म्हणून गेले, आता पितळेचे आणलेत, उद्या लावेन. मीच लावते सगळं. लोक येतात, खिडकीत उभे राहतात, म्हणतात, काय नशीब काढलंत, घरबसल्या लाटा! त्यांना लाटा दिसतात, मला बिजागऱ्या दिसतात. दर पावसाळ्यानंतर एक तरी निखळते. फ्रिजची पाठ गंजते, कुलपात किल्ली अडकते, काचेवर मिठाची साय धरते. गेल्या वर्षी बाल्कनीच्या पोटातलं सिमेंट खाली आलं, आतली सळई सुजून दुप्पट झालेली. मी काय केलं? रडत बसले? तारेचा ब्रश घेतला, लख्ख घासली, लाल रंगाचे दोन हात दिले, वरून सिमेंट भरलं. आणि तुमच्यासारखं भरलं, बघा जाऊन. मुलगी फोनवर म्हणते, आई, वीक ते घर आणि ये इकडे. का विकू? समुद्राला म्हणावं, तू तुझं कर, मी माझं करते. बघू कोण आधी दमतं!

पण ही भिंत — हिची गोष्ट वेगळी. ही बिल्डरची नाही, ह्यांची आहे. ह्यांनी स्वतः बांधली. गोदीत कारकून होते, थापी कधी हातात धरली नव्हती, पण गवंड्यांच्या शेजारी उभं राहून राहून शिकले. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, त्यांना इथे आणायचं ठरलं, तर मागच्या खोलीत त्यांची खाट मावेना. म्हणून न्हाणीघराची भिंत चार फूट आत सरकवली. दहा दिवसांची रजा, रोज सकाळी सहाला सुरुवात, आणि प्रत्येक थराला ओळंबा. मी म्हणायची, अहो, भिंत बांधताय की घड्याळ दुरुस्त करताय? तर म्हणायचे, तू बोलू नकोस, तू माल दे. मी माल द्यायची. घमेलं भरून द्यायची. बावीस वर्षांत ती भिंत एका सुतानं कललेली नाही, लावा हवा तर तुमचा ओळंबा, आत्ता लावा! आणि तुम्ही नुसती मान हलवताय —

— अहो, हे काय? गिलावा खरवडून तोंडात घातलात? थुंका, त्या मोरीत थुंका आधी. काय माणूस आहे! आणि माझ्याकडे असं बघू नका. खारट लागला, तर त्यात काय मोठंसं? समुद्राकाठी घर आहे, दाराची कडी चाटली तरी खारट लागेल. — बाहेरची भिंत? बाहेरची काय? ती नाही इतकी खारट, हे मला कशाला सांगताय? मला माहीत आहे ती कशी लागते. दोन्ही मी —

बरं. चाटल्यात. दोन्ही भिंती चाटल्यात मी. एकदा नाही. झालं समाधान?

याआधी दोनदा काम झालं, तेव्हा तुम्हीच होता ना दोन्ही वेळा? बाईंचं न्हाणीघर तुम्हीच फोडलंत. मग तेव्हाही खाली कोरडं निघालं असणार, आणि तुम्हाला तेव्हापासून शंका असणार. तेव्हा ह्यांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं — आमची भिंत बघायची गरज नाही म्हणाले, भिंत मी बांधलीय. आता हे नाहीत, चार वर्षं झाली, तर तुम्ही सरळ आत. मी येऊ दिलं, हे खरं. का येऊ दिलं, मला विचारू नका.

ही भिंत बांधताना शेवटच्या दोन दिवसांत वाळू संपली. वाळूवाला म्हणाला, गाडी चार दिवसांनी येईल. आणि सासूबाई तर परवा यायच्या होत्या. ह्यांचा चेहरा असा उतरला — मिस्त्री, मी चोवीस वर्षांची होते हो. हे सिमेंट आणायला गेले, आणि मी दोन बादल्या घेऊन खाली किनाऱ्यावर. नऊ खेपा केल्या. तीन जिने चढून. शिंपले चाळून काढले, एका पाण्यानं धुतली — एकाच पाण्यानं, हो, नळ गेला म्हणून — आणि गच्चीवर वाळत घातली. हे आले, मुठीत घेऊन म्हणाले, काय वाळू आहे ग, साखरेसारखी! कुठून आली? मी म्हटलं, वाळूवाल्याला दया आली. हसले. इतके खूश झाले की शीळ घालत गिलावा केला. आता अशा वेळी कोण बायको सांगेल?

तीन वर्षांनी ओल आली. हवेत दमटपणा वाढला की भिंतीला घाम फुटायचा, ऊन पडलं की पांढरी पावडर धरायची. मला पहिल्या दिवशीच कळलं, त्या वाळूतलं मीठ ओल ओढतंय. पण मी तोंड उघडायच्या आत हे वर जाऊन भांडून आले होते. वरून गळतंय म्हणून. एकदा माणूस चारचौघांत बोलला की मग काय? खरं सांगितलं असतं तर ह्यांची मान खाली. म्हणून मी गप्प. आणि बाई — बाईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. शाळेत शिकवायच्या ना, म्हणाल्या, गळत असेल तर दुरुस्त करायलाच हवं. करून घेतलं. सहा वर्षांनी पुन्हा करून घेतलं. त्या वेळी फोडलेल्या लादीवरून पाय घसरून पडल्या. तुम्हीच उचललंत त्यांना, हो ना? मी दाराआडून बघत होते.

ऐका. ऐकू येतंय? त्याच आहेत. एक पाऊल ठक, आणि दुसरं घासत. ठक — सर्र. रोज ऐकते मी, चहा गाळताना, भांडी घासताना, ठक, सर्र. आधी त्या अशा चालत नव्हत्या. आधी त्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून मासिक सोडायच्या, वाचून झालं की मी वर पाठवायची, कोपरा दुमडला तर चिठ्ठी यायची — पुस्तकाचे कान पिरगाळू नयेत! ती दोरी अजून लोंबतेय. कुजलीय, पण त्यांनी काढली नाही. मीही नाही.

मग तिसरी तक्रार का लिहिली म्हणता? मीच लिहिली, हो, माझ्या अक्षरात. ह्यांच्यामागे लोक म्हणायला लागले, कारकुनानं भिंत बांधली, दुसरं काय होणार. मला सहन झालं नाही. म्हटलं, माणूस गेला म्हणून त्याचा शब्द खाली पडू देणार नाही. आणि शब्द राखायला काय लागतं, तर वरची चार लाद्या फुटतात, एवढंच ना —

एवढंच ना, म्हटलं मी. ऐकलंत तुम्ही.

आता आवाज ऐका. पाणी भरतायत. न्हाणीघर आठ दिवस बंद राहणार म्हणून बादल्या भरून ठेवतायत, त्या पायानं. सत्तरीच्या आहेत.

नाही. तुम्ही वर जायचं नाही. काढा ती पिशवी खांद्यावरची, ठेवा इथे, छिन्नी काढा. या भिंतीचा गिलावा उतरवा, विटेपर्यंत. नंतर चांगली वाळू आणा, गोड पाण्याची, आणि मला दाखवल्याशिवाय एक घमेलंही कालवायचं नाही. पण एक लक्षात ठेवा — विटेला हात लावायचा नाही. वीट ह्यांची आहे, सरळ आहे, कुणी विचारलं तर छाती ठोकून सांगा. वाळू माझी होती. भिंत ह्यांची.

सेक्रेटरींना काय सांगायचं ते मी बघते. मी आधी वर जाते. — नाही, तुम्ही नको बरोबर. तेरा वर्षं चढले नाही म्हणून काय झालं, जिना तोच आहे, बावीसच पायऱ्या. आणि हलक्या हातानं मारू नका हां, जोरात मारा, चांगला ठणठण आवाज येऊ दे. मी दारात पोचायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे, आज कुणाचं घर फुटतंय ते.

बघताय काय मिस्त्री? मारा म्हणते ना!