कॉल बरोबरच होता!

...आणि वर मलाच विचारतायत, "आर्डिथ, तू सख्ख्या नवऱ्याला कॉल केलासच कसा?" अहो, कसा म्हणजे? तोंडाने! "कॉल" म्हटलं आणि त्याने लावल्या तेवढ्याच चिप्स, त्या डावातल्या पैशांच्या चकत्या हो, पुढे सरकवल्या! आणि तुम्हाला सांगते, कॉल बरोबरच होता!

आता तुम्हीच बघा. मंगळवार सकाळची आमची पोकरची स्पर्धा, सगळे आम्ही लास व्हेगसचे पेन्शनीत निघालेले लोक, जिंकणाऱ्याचा फोटो महिनाभर बुफेच्या दारावर लागतो, आणि त्या दारातून मी इतकी वर्षं अंडी-बेकन आणायला जातेय, दरवेळी दुसऱ्याच कुणाचं तरी थोबाड बघत! तर त्या दिवशी माझ्यापुढे चिप्सचा डोंगर, आणि आमच्या नवरोबापुढे, लाइलपुढे? चिमूटभर! त्याने टोपी मागे सारली आणि होतं नव्हतं ते ढकललं. "ऑल-इन!" बाकीच्यांनी पत्ते टाकले. उरले मी. पाळीप्रमाणे माझ्या सक्तीच्या चिप्स आधीच मध्ये पडलेल्या, वर जरासं घालायचं आणि जिंकलं तर ढीग आपला! हातात काय होतं? नव्वी आणि पंजी. भिकार! पण अशा भावात पत्त्यांना नाक मुरडायचं नसतं, आणि हे गणित त्या अख्ख्या खोलीत माझ्याइतकं कुणाला येतं? अहो, लाइललासुद्धा मीच शिकवलं, पॅनकेक उलटता उलटता!

शेजारच्या खुर्चीतला चेस्टर कुजबुजतो, "अगं, नवरा आहे तुझा! सोड की एवढ्या वेळी!" सोड? नवरा म्हणून सोडलं तर ती लबाडी, दोघांनाही टेबलावरून उठवतील! आणि लाइल माझ्याकडे असा बघतोय, घरी शेवटच्या डोनटकडे बघतो ना, तसा... म्हटलं, बघ बाबा, बघ. कॉल!

त्याने उघडल्या दोन राण्या. वाचला! दुप्पट झाला! चेस्टर म्हणतो, "झालं समाधान?" झालं! हरलेला कॉल चुकीचाच असतो, असं कुणी सांगितलं? कॉल बरोबरच होता!

मग त्या राण्या लाइलच्या अंगातच आल्या की काय, देव जाणे! एकेकाला घरी धाडत सुटला. शेवटी दोघंच उरलो, तो आणि मी, आणि चिमूटभर चिप्स आता कुणाकडे? माझ्याकडे! पण पत्ते उचलले तर एक्का आणि राजा! आला, म्हटलं, फोटो आला! "ऑल-इन!"

लाइलने आपले पत्ते बघितले आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं. मग ओठ हलायला लागले. मोजत होता हो, माझंच गणित मोजत होता! आणि सावकाश म्हणाला, "कॉल." उघडलं काय? सत्ती-दुर्री! पोकरमधला सगळ्यात टाकाऊ हात! "भावच तसा होता गं," म्हणतो, "तूच नाही का शिकवलंस?" आणि टेबलावर दोघांच्या सामाईक पानांतलं शेवटचं पान पडलं... दुर्री! त्याची जोडी जमली, माझी एकही नाही, मी बाद!

आधी रागाने कान तापले. पण खरं सांगू? मग छाती फुगली माझी. असा कॉल करणारा दुसरा आहे कोण त्या खोलीत? आणि घडवला कुणी?

आता बुफेच्या दारावर टोपीसकट लाइल. मी ताट घेऊन खालून जाते, तेवढ्यात चेस्टर अडवतोच, "काय गं, सत्ती-दुर्रीवर त्याने कॉल केलाच कसा?" आणि मी, त्या दात काढलेल्या फोटोखाली उभी राहून, गार होणारी अंडी सांभाळत, काय सांगणार?

"कॉल बरोबरच होता हो!"