न काढलेलं तिकीट

मागे उभे आहात ते सगळे पुढे या, प्लीज. खुर्च्या आहेत अजून. लायब्ररीवाल्यांनी ही रूम चार वाजेपर्यंतच दिलीये. आणि मला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नाहीये. कागद मी टेबलावर ठेवलाय, अधूनमधून बघेन.

श्रीधरकाका, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "मुक्ता, तू बोल. सुनंदाचा तुझ्यावर फार जीव होता." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, नको म्हणायला हवं होतं. कारण सुनंदामावशींबद्दल चांगलं बोलायला इथे सगळेच आहेत. माझ्याकडे चांगलं काही नाहीये, काका. माझ्याकडे एक खोटं आहे. तेवढंच सांगायला उभी राहिलेय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. मी मुक्ता. आठ वर्षांची असताना नागपूरहून इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीला आले. ते दुसऱ्या रांगेत माझे आईबाबा. मावशी आमच्या नात्यातल्या नाहीत. त्या आणि त्यांचे यजमान, श्रीधरकाका, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे, एवढंच. पण माझ्या आयुष्यातला फ्रेंचचा प्रत्येक शब्द त्यांच्या बेसमेंटमधून आलाय.

इथे जी मुलं आता मोठी होऊन बसलीयेत ना, त्यांना विचारा. दर शनिवारी अकरा वाजता आम्ही पाच-सहा जणं. फ्रेंच पिक्चर लागायचा आणि मावशी टीव्हीच्या खालच्या भागावर जुन्या साडीचा काठ चिकटवायच्या. सबटायटल दिसू नये म्हणून! हिरवा काठ होता. एकदा ईशा जाम वैतागली. म्हणाली, "मावशी, नथिंग इज हॅपनिंग इन धिस मूव्ही!" आणि मावशी म्हणाल्या, "अगं, ती बाई बॅग भरून दारात उभी आहे. तिला जायचंय आणि ती जात नाहीये. ह्याहून जास्त काय व्हायला पाहिजे तुला?"

ईशा, हसतेस ना? हस. मावशींना चाललं असतं.

मग गाणी. एक ओळ लावायची, बंद करायची, आणि जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहायचं. स्पेलिंग बघायचंच नाही. मावशी म्हणायच्या, आधी कानाला कळू दे, डोळ्यांना घाई नको. माझ्याकडे अशा चार वह्या आहेत. कुठल्याही फ्रेंच माणसाला दाखवल्या तर त्याला एक अक्षर कळणार नाही. आणि मोठ्याने वाचल्या तर तो चमकून बघेल. आपल्या राज्याचं ब्रीदवाक्यसुद्धा फ्रेंच आहे, हे मला शाळेने नाही, मावशींनी सांगितलं.

आणि पोहे खाताना त्यांच्या फ्रान्सच्या गोष्टी. तुम्ही सगळ्यांनी ऐकल्यात. एमबीबीएसनंतर स्कॉलरशिप मिळाली, नागपूरची मुलगी एकटी नऊ महिने तिकडच्या हॉस्पिटलमध्ये. नदीकाठचं थिएटर. दुपारचे शो. लाल कोट. मी लहानपणापासून तो लाल कोट डोक्यात घेऊन फिरतेय. मी लिहिते थोडंफार. माझी एक गोष्ट वाचून मावशी म्हणाल्या होत्या, "प्रयोग छान आहे गं. पण ह्यात माणूस कुठे बसवलायस?" तर माझ्या प्रत्येक गोष्टीत माणूस नसेल एक वेळ, कोट असतोच.

आता खोटं.

गेल्या वर्षी माझ्या कॉलेजमधून फ्रान्सला एक सेमिस्टर जायची संधी आली. मी फॉर्म भरला. निवडही झाली. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांची पहिली केमो होऊन चार दिवस झाले होते. त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "श्रीधर, हिला साखर दे." काका, तुम्ही खरंच चमचाभर साखर आणलीत.

पण मला एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर काय झालं, ते इथे बऱ्याच जणांना माहितीये. आईबाबा ग्रीन कार्डच्या लाइनीत आहेत, पण एकविशीनंतर मूल त्यांच्या अर्जात धरत नाहीत, म्हणून मी त्या लाइनीतून बाहेर पडले. आता मी स्टुडंट व्हिसावर. इथल्या इथे बदलून घेतलेला, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का नाही. म्हणजे इथे राहायला चालतं. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला शिक्का लागणार. तो मिळेल? कधी मिळेल? वकील म्हणाले, "प्रॉबेबली." प्रॉबेबली! कुणी अडवून विचारलं तर म्हणून बाबा हल्ली ग्रोसरीला जातानासुद्धा आम्हा तिघांच्या पेपर्सची फाइल गाडीत ठेवतात. त्या घरात "प्रॉबेबली" हा शब्द कसा ऐकू येत असेल, सांगा.

आई म्हणाली, "नको जाऊ." बाबा उठले आणि गाडीतून ती फाइल घेऊन आले. ते जास्त भीतीदायक होतं. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. कारण मीच टरकले होते. मी ऑफिसला मेल केला आणि नाव काढून घेतलं.

मावशींना हे सांगितलं नाही. का? कारण आपल्यात पेशंटला वाईट काही सांगायचं नसतं. टेन्शन येतं. आपण सगळ्यांनी तेच केलं ना? काका म्हणायचे, रिपोर्ट सुधारलेत. आई म्हणायची, आज चेहऱ्यावर तेज आहे हं. तीस वर्षं ॲनेस्थेशिया दिलेल्या बाईला आपण सांगत होतो की रिपोर्ट छान आहेत. त्या ऐकून घ्यायच्या. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटले ती दुपार होती. काका कॉफी आणायला खाली गेले होते. मावशींनी विचारलं, "तिकीट काढलंस?"

मी म्हटलं, "हो."

"कुठून आहे?"

"शिकागोहून."

"खिडकी मिळाली?"

"हो मावशी, खिडकी."

बघा ना. एकदा सुरू केलं की खोट्याला सीट नंबरसुद्धा मिळतो.

त्या खूश झाल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी उशीवर मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुला एक सांगू? फ्रान्समध्ये पहिले तीन आठवडे मी हॉस्पिटल सोडून कुठ्ठे गेले नव्हते. ब्रेड आणि केळी. बोट दाखवून मिळायचं ना, बोलावं लागायचं नाही. खोलीत येऊन दाराला खुर्ची लावायचे."

मी म्हटलं, "आणि थिएटर?"

"ते नंतर."

"मग भीती गेली?"

"छे गं. नऊ महिने होती. थिएटरातसुद्धा शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची. परत आले तेव्हा विमानात पण होती." आणि मग त्यांनी माझा हात धरला, हा, मनगटाजवळ, आणि अगदी हळू म्हणाल्या, "आत्ता पण वाटतेय, मुक्ता. खूप भीती वाटतेय मला."

एवढ्या महिन्यांत त्या खोलीत कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "काहीतरीच काय मावशी, तुम्ही एकदम फाइन होणार आहात. मी तुम्हाला तिकडून फोटो पाठवीन."

त्यांनी हात सोडला. रागाने नाही. पांघरूण नीट करतात ना, तसा. मग भिंतीकडे कूस वळवली आणि म्हणाल्या, "पाठव हं."

चार दिवसांनी त्या गेल्या.

परवा काकांनी मला एक गोष्ट सांगितली. मावशी ऑपरेशनच्या आधी प्रत्येक पेशंटला विचारायच्या, भीती वाटते का? हो म्हटलं तर त्या कधीच 'घाबरू नका' म्हणायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "वाटणारच. मी इथे बसलेय." बस. तेवढंच. ती दोन वाक्यं मला येत नव्हती का? मराठीत येत होती, फ्रेंचमध्ये येत होती. तिथे बसून मला एकाही भाषेत ती बोलता आली नाहीत. त्यांना मी भिंतीपाशी एकटं सोडलं. फ्रान्सला जाण्यापेक्षा मला ह्याची जास्त भीती वाटते. की परत कुणी माझा हात असा धरला तर मी पुन्हा तेच करीन. हसेन, आणि खोटं बोलेन.

मावशींना माझं खोटं कळलं होतं का? माहीत नाही. आता विचारणार कुणाला?

गेल्या आठवड्यात कॉलेजचा मेल आला. कुणीतरी मागे सरलंय, एक जागा रिकामी आहे, हवी आहे का? उत्तर द्यायची मुदत आज होती. सकाळी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून मी 'हो' पाठवलं. तिकीटही काढलं. तुमच्याकडे हार घेऊन यायला उशीर झाला, काका, तो त्यामुळे.

आईबाबांना हे आत्ता, ह्या क्षणी कळतंय. सॉरी. घरी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मी लगेच ऐकलं असतं. मला स्वतःची खात्री नाहीये एवढी.

आई म्हणतेय, घरी बोलू. हो आई. घरी बोलू.

कुणी टाळ्या वाजवू नका, प्लीज. हे धाडस वगैरे नाहीये. कदाचित ही चूक असेल. कदाचित पुढच्या वर्षी मी नागपूरला आत्याच्या हॉलमध्ये बसलेली असेन, डिग्री अर्धवट, आणि आईबाबा मला स्क्रीनवर दिसत असतील. होऊ शकतं. मला रात्रंदिवस हेच दिसतं. तिकडे गेल्यावर मी पण ब्रेड आणि केळीच खाईन, मला माहितीये. पण मावशींना मी जे सांगितलं त्यातलं एक तरी वाक्य मला खरं करायचंय. बाकीची खरी करता येणार नाहीत. त्यांना फोटो पाठवता येणार नाही.

आता आपण श्रद्धांजलीसाठी शांत उभे राहूया. एक विनंती आहे. आपल्याला पटकन एकमेकांना धीर द्यायची सवय आहे. आज नको. शेजारचं माणूस रडलं तर त्याला पाणी देऊ नका, पाठ थोपटू नका. फक्त तिथे असा. ज्याला जी भीती असेल, व्हिसाची, रिपोर्टची, रिकाम्या घरात परत जायची, ती त्याच्याजवळ तशीच राहू दे.

श्रीधरकाका, तुम्ही उठू नका. बसूनच राहा. मी घड्याळ लावत नाहीये. तुम्ही मान वर कराल तेव्हा आम्ही समजू.

मावशी, नमस्कार करते.