शेवट सांगू नकोस!

मुलांनो, कल्पना करा, चेन्नईतल्या गिंडीच्या बसथांब्यावर तुम्ही माझ्याजवळ बसला आहात. शेजारी जयंतीबाई, त्यांची नात दिव्यश्री आणि ओळखीच्या मीनाक्षी आहेत.

"मामी, मोबाइलवर बघायला हसवणारी एखादी मालिका सांगा ना," मीनाक्षी जयंतीबाईंना म्हणाल्या.

"त्या घरजावयाची बघ. हसून हसून पोट दुखतं!"

"आजी, शेवट सांगू नकोस हं. शेवटचा भाग आपण रविवारी घरी अप्पांबरोबर बघणार आहोत. ठरलंय ना?"

"नाही गं सांगत. तर मीनाक्षी, सासरा जावयाला गच्चीवर कोंडतो..."

"आजी! हे आपण अजून पाहिलंच नाही. तू एकटीनं पाहिलंस?"

"अय्यो, थोडंसंच!"

"मग मामी, पुढे काय होतं?"

"पुढे ना, तो जावई..."

दिव्यश्रीनं पिशवीतला मोठ्ठा मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, काढला आणि आजीच्या तोंडात कोंबला.