उघडं राहिलेलं बोट

संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ आदल्या दिवशी संपला होता. भोईवाड्यात बसच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

"बकुळे, बेडकाच्या डोसक्यातल्या नसा म्हन बघू. धा बोटं धरलीयात मी."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. इंटरला मार्क पडले तरच डाक्टरकीला घेतात, तूच सांगितलंस न्हवं?"

"ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर, ट्रायजेमिनल..."

"थांबू नगं."

"अ‍ॅब्ड्यूसेन्स, फेशियल, ऑडिटरी, ग्लॉसोफॅरिंजियल. झाल्या."

"झाल्या कशा? एक बोट उघडं हाय माझं."

"अगं बाई! पुस्तक दे इकडे, लवकर."

"पुस्तक कशाला? व्हेगस ऱ्हायली."

"तुला कसं ठाऊक? तुला तर अक्षर लागत नाही."

"म्हैनाभर तू घोकतीयास, मी ऐकतीया. गिरनीत बॉबिनी भरताना तेच म्हनते. ही व्हेगस जाती कुठवर?"

"खूप लांब. काळजापर्यंत."

"आनि तीच इसरतीस व्हय!"

"आई, तू शाळेत गेली असतीस तर..."

"गाडी आली. चढ आधी. पेन घेतलंस?"

"घेतलं. येते गं."

"सावकाश लिही!"

मुलीमागे कंडक्टरने हात आडवा केला, मी खालीच राहिलो आणि बस सुटली. बाई रांगेतून बाजूला झाली, पण गेली नाही. एकेक बोट मिटत तिने पुटपुटत सगळी नावं घेतली. दहाही बोटं मिटल्यावर माझ्याकडे वळली.

"दादा, शिकलेले दिसता. ह्या बेडकाच्या झाल्या. मानसाच्या किती असत्यात वो?"