तिवाने इतिहास मागून घेतला

…आणि एकाचाही विश्वास बसला नाही, तुम्हाला सांगते. मिरच्या विकता विकता घसा कोरडा पडला माझा, की बायांनो, माझ्या तिवाला इतिहास कोणी चिकटवला नाही, पोरीने मागून घेतलाय, विद्यापीठाच्या फॉर्मवर पहिल्या नंबरला तिनेच लिहिलाय. तर समोरची यामवाली, बोसेची आई, हातातला कंद खाली ठेवून म्हणते, "होतं गं असं. रडू नकोस." मी कुठं रडत होते? मिरचीचा हात डोळ्याला लागला होता.

आता आमच्या इबादान शहरात रीत काय, सगळ्या पोरांनी वर वकिली लिहायची, आणि त्या चाळणीतून जो कोंडा खाली पडेल तो विद्यापीठाने इतिहासात, तत्त्वज्ञानात, धर्माच्या वर्गात भरायचा. आपणहून इतिहास मागतं का कोणी? लग्नाला जाऊन खरकटी भांडी मागतं का कोणी? त्यात पोरीला प्रवेश परीक्षेत चारशेपैकी दोनशे ब्याण्णव. वकिली दारात येऊन उभी होती हो, आणि हिने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. अठरा वर्षं हात भाजून घेतले मी, एकदा कोणीतरी 'वकिलाची आई' म्हणावं म्हणून…

रविवारी चर्चमध्ये पास्टरनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. "शत्रूने हिच्या लेकीची जागा पळवली आहे. तीन दिवस उपास." मी म्हटलं, पास्टर, शत्रू घरीच आहे, भात खातोय. नाही बसला विश्वास. उपास मात्र मलाच घडला.

मग माझा भाऊ कुन्ले. ह्याची ओळख नाही असं ऑफिस नाही. "ताई, आपला माणूस आहे आत." प्रवेशाच्या ऑफिसात गेला, आणि तो आतला माणूस कागद बघून म्हणतो, "दोनशे ब्याण्णव आणि इतिहास? मशीन बिघडलंय." मशीन बिघडलंय ह्यावर विश्वास बसला दोघांचा, पोरीवर नाही. शुक्रवारी चारपर्यंत मुदत, पोरीने प्रवेशाच्या केंद्रावर येऊन मशीनवर अंगठा टेकवायचा, की इतिहासाची झाली वकिली.

तिवा म्हणाली, "आई, तू सांगशील तर टेकवते अंगठा. पण मग पुढचं सगळं तूच शिक." अशी बोलते. मी म्हटलं, चल.

शुक्रवारी दोन वाजता तिवाला घेऊन केंद्रावर निघायचं म्हणून मी टोपल्या झाकतेय, तर छत्री घेऊन एक म्हातारे पुढ्यात. डॉक्टर फगबेमी, इतिहासाचे मुख्य. त्यांचाही विश्वास बसला नव्हता, बघायला आले होते. "अकरा वर्षांत पहिली आहे, बाई. बाकी सगळे माझ्याकडे रडत येतात." आणि पालथ्या टोपलीवर बसले. बसले तर बसले, वर विचारतात, "ह्या बाजारात यामवाल्या उन्हात आणि मिरचीवाल्या सावलीत, असं का?"

आता हे मला आजवर कोणी विचारलं होतं का? मी म्हटलं दोन मिनिटांत सांगते. माझ्या आजीच्या वेळी एक बकरी यामच्या ढिगात शिरली, तिथून भांडण, तिथून बाजाराच्या मुख्य बाईचा निवाडा… तेवढ्यात बोसेची आई पलीकडून, "बकरी तुमचीच होती." मी म्हटलं, कंद उघड्यावर कोणी ठेवले होते गं? ती उठून आली, मी कमरेचं कापड खोचलं, डॉक्टर लिहितायत, आणि तिवा हळूच, "आई, दोन बकऱ्या. नेहमी दोन सांगतेस."

मुख्य बाईच्या निवाड्यापर्यंत पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

कुन्ले केंद्रावरून घामाघूम होऊन आला. "मुदत गेली. दोन तास तिथे उभा होतो मी. पोरीच्या डोक्यात हे खूळ कोणी भरलं, मला एकदा नाव कळू दे."

मी म्हटलं, मलाही कळू दे. शाळेतला मास्तर असेल, नाहीतर ते मोबाईलवरचं काहीतरी.

डॉक्टरांनी पिशवीतून एक कागद काढला. म्हणे, आमच्या विभागाचा फॉर्म, त्यात विचारलंय, इतिहासाची गोडी कोणी लावली. तिवा खाली बघायला लागली. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं नाव वाचलं. तिवा जन्मल्यापासून मी नुसती 'तिवाची आई', त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती, आणि तुम्हाला सांगते, ह्या एका गोष्टीवर मात्र बोसेच्या आईपासून पास्टरपर्यंत सगळ्यांचा लगेच विश्वास बसला.

अडुके ओलातुंजी.