मान हलवायची नाही!

अन् वर दवाखान्यातले मलाच म्हणतात, "काका, तुम्ही सहकार्य करत नाही!" मी? हा सदाशिव? अख्ख्या मुकुंदवाडीत विचारा, माझ्याइतका सहकार्य करणारा माणूस सापडतो का… जो जे म्हणंल त्याला मी मान डोलावतो, बायकोपुढं तर लग्नापासून डोलावतोय, अन् तुम्हाला सांगतो, त्याच मानेचा एमआरआय काढायची पाळी आली!

झालं काय, गारखेड्यात भाजी घेताना आली चक्कर. डोळ्यापुढं अंधार, हातातली मेथी खाली अन् मी मेथीवर. डॉक्टर म्हणाले, "मेंदूकडं रक्त नेणाऱ्या मानेतल्या नसा बघू. एखादी बंद होत आली असेल तर अर्धांगाची भीती असते." खोटं कशाला बोलू, आमचे दादा अर्धांगानंच खाटेला खिळले होते, मी घाबरलोच! तरी मी काय केलं? मान डोलावली.

एमआरआयला गेलो तर मशीन चालवणारा फरदीन म्हणतो, "अंकल, चांदी, लोखंड, सब उतारो." घड्याळ गेलं, चष्मा गेला, चांदीचा करदोडा गेला, आमच्या हिनं सकाळीच गळ्यात बांधलेला ताईत गेला… ज्या मानेसाठी बांधला तीच उघडी! मग त्या बोगद्यात सरकवलं. मानेभोवती पिंजरा, कानात बोळे, हातात रबरी फुगा. "डर लगा तो फुगा दबाओ. बाकी मान हलवायची नाही!" मी मान डोलावली.

अन् सुरू झालं… अरे काय तो आवाज! ठणठण, खडखड, वरच्या मजल्यावर कुणी फरशी फोडतंय जणू! मी बापडा डोळे गच्च मिटून, दादांचं ते वाकडं झालेलं तोंड आठवत पडलेलो… तेवढ्यात माइकवरून, "अंकल, ठीक हैं ना?" आता तुम्हीच सांगा, कुणी आपुलकीनं विचारल्यावर ढिम्म पडून राहायचं? ही काय रीत झाली? मी मान डोलावली. गेला फोटो! "अंकल, हिले क्या?" मी मान हलवूनच नाही म्हणलं! "फिर हिले! मान हलवायची नाही, कित्ती बार बोलूं?" पुन्हा पहिल्यापासून ठणठण, पुन्हा "अब बराबर?" अन् पुन्हा मी…

शेवटी त्यानं काय करावं? बाहेर बसलेल्या आमच्या यमुनाला आत बोलावलं अन् माइकच धरला हिच्यापुढं! तुम्हाला सांगतो, कानात बोळे असूनसुद्धा लख्ख ऐकू आलं:

"अहो! मान हलवायची नाही!"

संपलं! मान सोडा, मी श्वास पण भीत भीत घेतला! नाकाला खाज सुटली, सुटू दिली. फरदीन खूश! "क्या फोटो आया आंटी! तुम यहीं नौकरी करो!"

अन् रिपोर्ट? नसा एकदम साफ! डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी खाल्लं काय होतं?" संकष्टी होती हो, नुसत्या चहावर होतो! एवढं हलकं वाटलं, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. हिनं पदरानं नाक पुसलं. डॉक्टर म्हणाले, "आता घाबरायचं काही नाही. उठा, हिंडाफिरा, हालचाल ठेवा."

मी खुर्चीत तसाच. "अहो, उठा ना!" मी हळूच हिच्याकडं बघितलं. माइक नव्हता हिच्यापुढं, पण काय भरवसा?… हिनं मान हलवली, तेव्हा कुठं मी उठलो!