शांतेचं कार्ड अन् तीन रिंगा

बसा बाप्पाहो, बसा. बायांनो, तुम्ही पुढं सरका. इतके लोक आमच्या अंगणात नातीच्या बारशालेही आले नव्हते. पाहून जीव हरखला, अन् ज्याईनं हे पाहावं ते माहे मालकच आता नाहीत. सरपंचभाऊ म्हणाले, "आजी, दोन शब्द बोला." मी दुसरीत शाळा सोडली, भाऊ. दोन शब्दांत मले काहीच सांगता येत नाही.

त्याईचं नाव मी जन्मभर घेतलं नाही, आजही घेणार नाही. तुमच्यासाठी ते मिस्त्री. राजेगावच्या रस्त्यावर आपलं टिनाचं छप्पर. धानाले पाणी देणारं इंजिन निळा धूर सोडाले लागलं, तेल खाले लागलं, की तुम्ही बैलबंडीत टाकून आणत. ते पिस्टन ओढून काढत. पिस्टनवर रिंगा बसतात त्या खाचांतली काजळी खरडाले जुन्या रिंगेचा तुटका तुकडा घेत. मी म्हणे, "चाकू घ्या ना." तं म्हणत, "अवो शांतेची माय, चाकूनं खाच खराब होते. जिथं जे बसत होतं त्यानंच ते साफ कराचं."

आता एक सांगते. आजवर कोणाले सांगतलं नाही. त्याईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन वर्षं झाली, त्याईले रिंगेची फट दिसत नव्हती. रिंगा मी बसवत होती.

हौ तुकारामभाऊ, असे काहून पाहून राह्यले? मागच्या साली तुमच्या इंजिनाच्या रिंगा माह्याच हातच्या. चाललं ना साल?

शिकवलं त्याईनंच. नवी रिंग एकटीच सिलिंडरात उतरवाची, पिस्टननं हळूच सरळ ढकलाची, मंग तिच्या दोन टोकांतली फट मापाची. मापाच्या पत्र्यावरचे बारीक इंग्रजी आकडे त्याईले दिसत नव्हते, मले वाचता येत नव्हते. मंग आमचं माप कोणतं? पोस्टकार्ड! सासरून, उकव्याहून, शांता, आमची पोरगी, कार्ड टाके. नात वाचून दाखवे. वाचणं संपलं की ते हात पुढं करत, "झालं का? मंग आण इकडं." कार्ड फटीतून अडकत अडकत गेलं पाहिजे. गेलंच नाही तं टोकाले कानस मारा. शांतेचं एकही कार्ड बिनातेलाचं राह्यलं नाही, पाहा.

पहिल्या खेपेले मी तिन्ही रिंगांची तोंडं एका रेघेत ठेवली. मले नेटकं वाटलं, बांगड्यांचे सांधे जुळवावे तसं. इंजिन चालू झालं अन् धूरच धूर! मी रडकुंडीले आली. ते हसत सुटले. "अवो, तिन्ही दारं समोरासमोर उघडी ठेवली तं वारा घरात थांबन का? तोंडं फिरव त्याईची." गिऱ्हाइकाले मात्र म्हणाले, "चूक माही झाली, उद्या या."

चूक माही झाली म्हणाले. अजून आठवते मले. असं कोण म्हणते आपल्या बाईसाठी?

तुकारामभाऊ, तुमचं इंजिन आमच्या छपरात उघडं पडून आहे. पिस्टन पाटावर ठेवला आहे, त्याईनं ठेवला तसाच. तुम्ही ते गोंदियाले नेणार, असं कानावर आलं. नेऊ नका. तुमचे परहे, धानाची रोपं, पाण्याबिना सुकून राह्यले, मले माहीत आहे. पण मले दोन दिवस द्या. ते काम त्याईनं हातात घेतलं होतं, अन् त्यात हात माहे होते. ते दुसऱ्यानं पूर्ण केलं तं मी त्या छपराखाली कोणत्या तोंडानं बसू?

बापाची खबर आयकून शांता धावत आली, अन् तिनं आधी टाकलेलं कार्ड तिच्या मागून आलं. "बाबाची तब्येत कशी आहे" म्हणून विचारलं आहे. बिनातेलाचं, करकरीत कार्ड. ते वाचून झालं अन् कोणी हात पुढं केला नाही.

त्याच कार्डानं तुमची रिंग मापीन, भाऊ. हँडल मात्र तुम्हीच मारा, माह्या हातात तेवढा जोर नाही.

इंजिन चालू झालं की त्याचा आवाज पारखाले ते एका लाकडी दांडीचं एक टोक इंजिनाले लावत अन् दुसरं आपल्या कानाले. सारे गलका करत तं हात वर करून म्हणत, "बोलू नका रे, आयकू द्या."

उठा, बाप्पाहो. सारे उभे राहा. थोडा वेळ कोणी बोलू नका.

त्याईले आयकू द्या.